विषय: आई-बाबांना बेसबॉलची मॅच दाखवायची आहे, कुठली बरी?

प्रेषक: नवीन सभासद, निशिकासाई

नमस्कार मंडळी,

माझे सासू-सासरे मेच्या तिसऱ्या आठवड्यात पुण्याहून इथे टोकियोला येतायत. देवळं, बागा, फुजी वगैरे झालंच ठरवून, पण बाबा म्हणतात जपानमध्ये येऊन बेसबॉलची मॅच नाही बघितली तर काय बघितलं. माणूस क्रिकेटवेडा, वानखेडेवरची पहिली टेस्ट, १९७५ची, स्टँडात बसून पाहिलेली, आणि अजून कुणी विषय काढला की तासभर सुटका नाही. मला स्वतःला बेसबॉलचं शून्य कळतं. टोकियो डोमची तिकिटं एका तिकीट विकणाऱ्या साइटवर दिसली पण भाव बघून डोळे पांढरे झाले. कुठे जावं, कुठे बसावं, आईंच्या गुडघ्याचा त्रास आहे आणि त्या शाकाहारी आहेत, म्हणजे डबा न्यावा लागेल, नेऊ देतात का?

---

प्रेषक: जुना सभासद, कासाई

तिकिटं त्या साइटवरून अजिबात घेऊ नका, मी पण एकदा असल्याच एका ठिकाणी दुप्पट पैसे घालवून बसलोय. टीमच्या स्वतःच्या साइटवर इंग्रजी पान असतं, तिथेच बघा, किंवा कोनबिनीतल्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तासवाल्या दुकानातल्या, मशीनवर काढता येतात, ऑफिसातल्या एखाद्या जपानी माणसाला सोबत न्या म्हणजे झालं.

आता कुठे जायचं. डोम नको. वाईट नाहीये, छत आतल्या हवेच्या दाबावर तरंगतं आणि बाहेर पडताना दारात वारा असा पाठीत ढकलतो की टोपी उडते, ती गंमत एकदा घ्यावी. पण मे महिन्यात, त्सुयूचा, म्हणजे इथल्या पावसाळ्याचा, पाऊस लागायच्या आधी, संध्याकाळी सहाला उघड्यावर बसायचं सोडून छताखाली कशाला कोंडून घ्यायचं? तुम्ही मेइजी जिंगूला जा. १९२६चं मैदान आहे, १९३४ला अमेरिकेचा बेब रूथ, म्हणजे बेसबॉलचा ब्रॅडमनच, तिथे खेळून गेलाय, आणि आता ते पाडून शेजारी नवीन बांधायचं ठरलंय, तेव्हा बघून घ्या. तोझाई लाइनने निहोनबाशी, तिथून गिन्झा लाइनने गाइएनमाए, पाच-सात मिनिटं चालत.

तिथली टीम याकुल्ट स्वॅलोज. हो तेच याकुल्ट, फ्रीजमधली ती चिमुकली बाटली. इथे बहुतेक टीमच्या नावात मालक कंपनी असतेच, लोट्टे म्हणजे चॉकलेटवाले, हानशिन म्हणजे रेल्वेवाले. बाबांना सांगा की मुंबईत कंपन्यांच्या क्रिकेट स्पर्धेत, टाइम्स शील्डला, निर्लॉन, मफतलाल, टाटा खेळायचे तसं समजा, लगेच कळेल.

खरी मजा आउटफिल्डला, म्हणजे बॅटरपासून लांबच्या, समोरच्या स्टँडात. तिथे ओएन्दान असतं, म्हणजे ट्रम्पेट, ढोल आणि पुढे उभं राहून हात करणारा एक म्होरक्या, आपल्या ढोल-ताशा पथकाचीच शिस्त. प्रत्येक बॅटरचं स्वतःचं गाणं, आणि गाण्यात मधेच 'कात्तोबासे!' म्हणजे 'हाण!'. पण हे फक्त आपली टीम बॅटिंगला असताना. समोरच्यांची बॅटिंग आली की सगळे खाली बसतात, खातात, टॉयलेटला जातात, आणि आवाज पलीकडच्या स्टँडातून यायला लागतो. मला हे फार आवडतं, तीन तास आळीपाळीने भांडण, कुणी कुणाच्या मधे बोलत नाही.

आणि छत्र्या! याकुल्टचा रन झाला की, आणि सातव्या इनिंगला (इथे मॅच नऊ इनिंगची) हमखास, अख्खा स्टँड इवल्याशा प्लास्टिकच्या छत्र्या उघडून तोक्यो ओन्दो म्हणत वर-खाली नाचवतो. ते मुळात बोन-ओदोरीचं, म्हणजे उन्हाळ्यातल्या जत्रेतल्या नाचाचं गाणं. मजा बघा, खरा पाऊस आला तर स्टँडात छत्री उघडायला बंदी, मागच्याला दिसत नाही म्हणून. रेनकोटच घालायचा. म्हणजे पाऊस नसताना छत्री आणि पाऊस असताना नाही.

माझी फजिती सांगून ठेवतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा मुलाला सुवेनिरच्या दुकानातून छान दिसते म्हणून काळी-केशरी टोपी घेतली आणि तशीच घालून आम्ही याकुल्टच्या आउटफिल्डला जाऊन बसलो. ती निघाली जायंट्सची, म्हणजे टोकियो डोमवाल्या दुसऱ्या टीमची. एक स्टाफवाली आली, कमरेत वाकून एवढ्या हळू आवाजात म्हणाली की टोपी बॅगेत ठेवाल का, की मला वाटलं आमचं काही हरवलंय. होम टीमच्या चिअरिंगच्या सीट्सवर समोरच्यांचे कपडे चालत नाहीत. जिंगूला याकुल्टवाले फर्स्ट बेसच्या, म्हणजे बॅटरच्या मागून बघितलं तर उजव्या, बाजूला, पाहुणे डावीकडे. सगळ्या मैदानांवर असंच नसतं, नकाशा बघून घ्या.

---

प्रेषक: कोबे

टोकियोवाल्यांनी टोकियोचंच सांगायचं! बाबा-आई क्योतो-ओसाकाला येणारच असतील ना, मग एक संध्याकाळ कोशिएनला, हानशिन टायगर्सच्या मैदानावर, ठेवा. १९२४चं मैदान, ओसाकाच्या उमेदाहून हानशिन ट्रेन थेट. जिंगूवर छत्र्या ठीक आहेत पण कोशिएनला चाळीसेक हजार माणसं एका सुरात रोक्को ओरोशी, म्हणजे हानशिनचं गाणं, म्हणतात तेव्हा अंगावर काटा येतो, मी सतरा वर्षं इथे आहे, तरी येतो. १९८५ला हानशिन जिंकले तेव्हा एकेका खेळाडूसारखा दिसणारा माणूस कालव्यात उडी मारत होता, पण टीममधल्या अमेरिकन हिटर रँडी बाससारखा दिसणारा कुणी सापडेना म्हणून लोकांनी केएफसीच्या दारातला दाढीवाला कर्नलचा पुतळाच उचलून ओसाकातल्या दोतोनबोरीच्या त्याच कालव्यात टाकला. मग पुढे जपान सीरिज, म्हणजे वर्षाची शेवटची मोठी फायनल, जिंकेचनात, तर सगळे म्हणायला लागले कर्नलचा शाप. पुतळा सापडला २००९ला, आणि ती सीरिज पुन्हा जिंकली २०२३ला. अशा गोष्टी बाबांना सांगायला बऱ्या.

एकच, ऑगस्टमध्ये येणारे असाल तर हानशिन तिथे नसतात, मैदान शाळकरी मुलांच्या स्पर्धेला दिलेलं असतं, आणि ती बघितलीत तर तीच बघा. हरलेली पोरं रडत मैदानातली माती पिशवीत भरून घरी नेतात.

---

प्रेषक: योकोहामाची काकू

अहो, गुडघे दुखतात म्हणाली ना ती, आणि तुम्ही तिच्या सासूला आउटफिल्डला पाठवताय! तिथे आपली बॅटिंग असेपर्यंत सगळे उभे, पुढचे उभे राहिले की आपल्यालाही उभं राहावं लागतं, नाहीतर समोर नुसत्या पाठी. इनफिल्डला, म्हणजे बॅटरच्या जवळच्या स्टँडात, फर्स्ट बेसच्या बाजूला थोडं टोकाकडे घ्या, गाणी ऐकू येतात आणि बसूनही राहता येतं. फक्त तिथे फाउल बॉल, म्हणजे बॅटला लागून बाजूला उडालेले, येतात, शिट्टी ऐकली की गप्पा सोडून वर बघायचं.

शाकाहारी म्हणाल तर एदामामे (उकडलेल्या सोयाबीनच्या शेंगा), फ्राइज, पॉपकॉर्न, संपलं. ताकोयाकीत ऑक्टोपस असतो, बाकी गोष्टींत मासळीचं पाणी. डबाच न्या, जिंगूला बाहेरचं खाणं चालतं. कॅन आणि काचेची बाटली मात्र गेटवर थांबवतात, तिथेच कपात ओतून देतात.

---

प्रेषक: नवीन सभासद, निशिकासाई

मंडळी, जिंगूला जाऊन आलो! काकूंचं ऐकलं, इनफिल्डच घेतलं.

गेटवर बॅग तपासणाऱ्या आजोबांनी डबा उघडला, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लिंबाचं लोणचं, वास घेऊन म्हणाले 'करे?', म्हणजे करी का, आई म्हणाल्या 'नाही हो, लोणचं', आणि ते 'हाइ हाइ' करून मान डोलावत राहिले.

बाबांची नजर मात्र बॉलवर कमी आणि बिअर विकणाऱ्या मुलींवर जास्त, वाईट अर्थाने नाही, त्यांना पटेचना की एवढीशी पोर पाठीवर पिंप बांधून एवढ्या पायऱ्या पळते कशी. हात वर केला की ती आपल्या पायरीवर एक गुडघा टेकून बसते, नळीने ओतते, वर फेसाची बरोब्बर दोन बोटं. बाबांनी एक घेतली. मग 'तिला परत यावं लागेल, बिचारी' म्हणून दुसरी घेतली. आई काही बोलल्या नाहीत, पण पुऱ्यांचा डबा आपल्याकडे ओढून घेतला.

शेजारी एक जपानी आजोबा पेन्सिलीने वहीत सगळी मॅच लिहीत होते, प्रत्येक बॉल, चौकोनात खुणा करून. बाबांनी खिशातून पेन काढलं आणि पेपर नॅपकिनवर क्रिकेटचा स्कोअर कसा लिहितात ते दाखवलं, मेडन ओव्हरचा एम कसा काढतात ते सुद्धा. दोघांना एकमेकांची एक अक्षर भाषा येत नाही, तासभर चालू होतं. सातव्या इनिंगला त्या आजोबांनी बॅगेतून जास्तीची छत्री काढून आईंच्या हातात दिली. आईंनी आधी इकडे तिकडे बघितलं, मग नाचवली. फोटो आहे, पण पाठवायची परवानगी नाही.

मॅच मात्र लांबली. नऊ इनिंगला बरोबरी, मग दहा, अकरा, आणि दहा वाजून गेले तसे ट्रम्पेट-ढोल एकदम बंद, नुसत्या टाळ्या आणि आवाज. बाबा खूश, म्हणाले आपल्याकडे गणपतीत पोलिस येऊन सांगतात, इथे आपणहून थांबले. बारा इनिंग झाल्या आणि तरी टाय, आणि सगळे उठून निघाले! बाबांना वाटलं मध्यंतर आहे, ते बसूनच. मी म्हटलं बाबा संपली, इथे बारा इनिंगनंतर नाहीच खेळत. 'चार तास बसून निकाल नाही? आणि टेस्ट ड्रॉ झाली की तुम्ही पोरं आम्हाला हसता.' घरी येईपर्यंत हेच चालू, निहोनबाशीला गाडी बदलताना सुद्धा.

आजोबांनी छत्री परत घेतलीच नाही, आणि बाबांनी जाताना स्टॉलवरून अजून एक घेतली. ते परवा परत जातायत आणि सामानात जागा नाही, तर दोन हिरव्या छत्र्या आमच्याकडे आहेत, जिंगूला कोणी जाणार असेल तर निशिकासाई स्टेशनवर आणून देते.