मदत हवी आहे: वस्तीतल्या पोरांना जोडायचं, पण खबऱ्याचा शिक्का नको

छत्रपती संभाजीनगरच्या दोन-तीन वस्त्यांत टोळक्यांची भांडणं, चाकूबाजी थांबावी म्हणून आम्ही काम करतोय. वस्त्यांमधला समन्वय माझ्याकडं आहे.

पोलीस ठाण्याच्या शांतता समितीशी बोललो. तिथं विषय सणांच्या बंदोबस्तापलीकडं जात नाही. समाजमंदिरात बैठका घेतल्या, तर आयाबाया आल्या, पोरं नाहीत. बरेच बाप वाळूजच्या कारखान्यांत शिफ्टमध्ये, त्यामुळं रविवारच मिळतो. १९८४ च्या हिंदू-मुस्लिम दंगलीनंतर पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी भिवंडीत उभ्या केलेल्या मोहल्ला समित्या माहीत आहेत. पण आमच्याकडं दोन समाजांचा वाद नाही, एकाच गल्लीतली पोरं मोबाइलवरच्या स्टेटसवरून भिडतात.

आता तालमीतली, कबड्डी संघातली, ज्यांचा शब्द ही पोरं मानतात अशी चार-पाच जणं या कामात यायला तयार आहेत. त्यांना एकच भीती आहे, पोलिसांचे खबरे ठरण्याची. ती खरी आहे. तसा संशय आला तर त्यांच्याच जिवावर बेतेल. काही पोरं अठराच्या आतली, म्हणून नावं-फोटो कुठंच द्यायचे नाहीत हे पक्कं. निधी नाही.

असं काम केलेल्यांनी सांगा: पोलिसांना काय कळवायचं आणि काय नाही, हे सुरुवातीलाच कसं ठरवलंत, आणि वस्तीला ते कुणाच्या तोंडून सांगितलंत?