एक्सव्ही ६ मध्ये फोर्कनंतर पॅरेंटच्या मेमरीत कचरा येतोय
थर्ड इयरला आहे, ओएसच्या लॅबला एक्सव्ही ६ वर (शिकण्यासाठीची छोटी ऑपरेटिंग सिस्टिम) कॉपी-ऑन-राइट फोर्क करायचंय, म्हणजे फोर्कने प्रोसेसची (पॅरेंटची) प्रत (चाइल्ड) बनवताना मेमरीची पानं लगेच कॉपी न करता शेअर करायची, कोणी लिहायला गेलं तरच कॉपी करायची. चाइल्ड चालतो, पण तो एक्झिट झाला की पॅरेंटचा डेटा जातो, पानभर ०१ ०१ असे बाइट दिसतात. तीन रात्री गेल्या, प्लीज कोणीतरी सांगा.

उत्तर १: अरे ते ०१ म्हणजेच उत्तर आहे, केफ्री (पान मोकळं करणारं कर्नलचं, म्हणजे ओएसच्या गाभ्याचं फंक्शन) पान सोडताना ४०९६ च्या ४०९६ बाइट १ ने भरतो, म्हणजे चाइल्ड जाताना ते शेअर केलेलं पान खरंच फ्री होतंय. प्रत्येक पानाला रेफरन्स काउंट (ते किती प्रोसेस वापरतायत तो आकडा) ठेव, शून्य झाला तरच पान सोड, आणि काउंटला लॉक लाव, म्हणजे एका वेळी एकच जण तो बदलेल.

उत्तर २: दादा बरोबर सांगतोय. शिवाय कॉपीआउट (कर्नलमधून युजर प्रोसेसच्या मेमरीत डेटा लिहिणारं फंक्शन) बघ, तिथे कर्नल स्वतः लिहितो म्हणून युजरचा पेज फॉल्ट (न लिहिण्याच्या पानावर लिहिलं की येणारा, कॉपी करायची वेळ सांगणारा ट्रॅप) येतच नाही आणि शेअर्ड पानावरच लिहिलं जातं, माझे दोन दिवस त्यातच गेले होते. जीडीबी (डीबगर) लावून बघ, प्रिंटएफवर भागत नाही.

प्रश्नकर्ता: काउंट लावला, चाललं!! खूप आभार दादा, कॉपीआउट आज रात्री बघतो.