बॉक्स पलंगाला लागून बसेल असा बाळाचा बेडसाइड कॉट – मदत हवी आहे

रानजाई:
नमस्कार मंडळी. आठवा महिना चालू आहे, पहिलंच बाळ. बाळ पायाळू आहे, त्यामुळे डॉक्टरांनी सिझेरियनची तयारी ठेवायला सांगितलं आहे. टाके ओले असताना रात्रीतून चार वेळा उठून, वाकून बाळाला उचलणं झेपायचं नाही. म्हणून पलंगाला चिकटून उभा राहणारा कॉट घ्यायचं आम्ही ठरवलंय. बाळंतपण पुण्यातच, भाड्याच्या घरात. आई आणि सासूबाई आळीपाळीने येतील.

अडचण पलंगाची आहे. आमचा पलंग प्लायवूडचा, हायड्रॉलिक बॉक्सवाला, जमिनीपर्यंत बंद. खाली सुई सरकवायलाही फट नाही. गादी धरून उंची ५६ सेमी. एक बाजू भिंतीला लागून, दुसऱ्या बाजूला पलंग आणि कपाट यांच्यात अडीच फूट जागा, तिथेच कॉट बसायला हवा. ऑनलाइन पाहिलेले बहुतेक कॉट असे की त्यांचे पाय पलंगाखाली सरकतात. आमच्याकडे ते कसे बसणार?

दुसरं म्हणजे घरात प्रत्येकाचं मत वेगळं. सासूबाईंचा साताऱ्याचा लाकडी पाळणा आहे, नवरा आणि दोन्ही नणंदा त्यात वाढल्या. त्यांचं म्हणणं, पाळणा असताना पंधरा हजार कशाला घालवायचे? शिवाय मोहरीची उशी आणि दोन बाजूंना छोटे लोड हवेतच, नाहीतर बाळ दचकतं. मैत्रीण म्हणते पलंगावरच मधोमध ठेवायचं मऊ 'नेस्ट' घे, दीड हजारात काम होतं. मला कुणाचं मन मोडायचं नाही, पण कशात खरंच धोका आहे आणि कशात नाही हे नीट समजून घ्यायचंय. ज्यांनी वापरलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

कडुलिंब:
आमच्याकडेही असाच डबा पलंग आहे, नाशिकला. त्यामुळे आधी पायांचं बोलतो.

तुम्ही म्हणताय त्या कॉटचे खालचे पाय आडवे, लांब असतात आणि सगळा तोल त्यांच्यावर असतो. बंद पलंगाला ते आपटतात आणि कॉट तेवढाच लांब उभा राहतो. काही कंपन्यांच्या कॉटचे पाय आत दुमडता येतात, पण मग पट्ट्याने घट्ट बांधला नाही तर तो कलंडू शकतो. बॉक्स पलंगासाठी चार कोपऱ्यांत चार सरळ पाय असलेलाच बघा. चाकं असतील तर लॉक होणारी हवीत.

आता जी गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही ती. आपल्या पलंगांना बऱ्याचदा गादीच्या बाहेर दोन-तीन इंच लाकडी कड असते, कारण गादी खाचेत बसवलेली असते. कॉट त्या कडेला टेकतो आणि आपल्याला वाटतं की चिकटला. प्रत्यक्षात कॉट आणि गादी यांच्यात दोन-तीन इंचांची घळ तशीच राहते. लहान बाळ तिथे सरकलं तर तोंड दाबलं जाऊ शकतं. अमेरिकेतल्या बेडसाइड कॉटवर छापलेली सूचना अशी असते की मोठ्यांचा पलंग आणि कॉट यांत अर्ध्या इंचापेक्षा जास्त फट नको. तेव्हा टेप घेऊन नुसती उंची मोजू नका, गादीची कड आणि पलंगाची कड यांतलं अंतरही मोजा. फट निघाली तर चादरीची गुंडाळी, टॉवेल, उशी घालून बुजवायची नाही. ती रात्रीत सरकते आणि मऊ असल्यामुळे धोका उलट वाढतो.

कॉटबरोबर येणारा पट्टा गादी आणि फळी यांच्यामधून पलीकडे नेऊन अडकवायचा असतो. हायड्रॉलिक फळी वर उचलली की तो सरकतो. रजया, गोधड्या काढायला फळी उघडली की पट्टा पुन्हा ओढून बघायचा. मग गुडघ्याने कॉट बाहेर ढकलून पाहायचा, हलला तर सैल आहे. आमच्याकडे पलंग उघडण्याचं काम माझ्याकडे होतं, म्हणून पट्ट्याचं कामही माझ्याकडे.

निवळशंख:
मी मँचेस्टरला असते, दोन बाळंतपणं इथेच झाली. कडुलिंब यांच्याशी सहमत. त्यात उतरत्या बाजूबद्दल थोडी भर घालते.

जुन्या कॉटची पलंगाकडची बाजू पूर्ण खाली पडायची, बाळ आणि आई एका सपाटीत. युरोपच्या ईएन ११३० या मानकाची २०१९ ची आवृत्ती आली त्यात हे बदललं. आता बाजू खाली केल्यावरही बाळाच्या गादीपासून किमान १२० मिमी, म्हणजे १२ सेंटीमीटर उंचीचा काठ राहिलाच पाहिजे. म्हणजे बाळ लोळत मोठ्यांच्या पलंगावर येत नाही आणि आपलं पांघरूण किंवा हात सहजासहजी त्याच्या अंगावर जात नाही. वाकून उचलायला मात्र १२ सेंटीमीटर काहीच नाहीत. टाके असतानाही कुशीवर वळून हात घालता येतो.

म्हणून खोक्यावर किंवा माहितीपत्रकात 'ईएन ११३०:२०१९' शोधा. अमेरिकन माल असेल तर 'एएसटीएम एफ २९०६'. नुसतं 'आंतरराष्ट्रीय दर्जा' असं मोघम लिहिलं असेल तर विक्रेत्याला मानकाचा क्रमांक विचारा, देता आला नाही तर पुढे जा.

आणि उंची. तुमची गादी त्या उतरवलेल्या काठाच्या वर येता कामा नये, नाहीतर काठाचा उपयोगच राहत नाही. कॉटची उंची टप्प्याटप्प्याने बदलता येते, पण प्रत्येक कॉटची कमाल उंची वेगळी. तुमचे ५६ सेमी त्या काठाशी ताडून बघा, कॉटच्या एकूण उंचीशी नाही.

चाफेकळी:
एवढा खर्च कशाला? आपण सगळे आईच्या कुशीतच झोपलो की. माझी दोन्ही मुलं माझ्याशेजारीच झोपली, काही झालं नाही. बाळाला आईची ऊब लागते.

पहाटवारा:
मी नवजात शिशू विभागात परिचारिका आहे, बरीच वर्षं. चाफेकळी, तुमचं म्हणणं समजतं. ऊब लागतेच, आणि घरात जागा किंवा पैसे नसतील तर कुणी आईला दोष देऊ नये. पण सिझेरियननंतर वेदनाशामक गोळ्या चालू असतात, झोप गाढ लागते, गादी मऊ असते, शेजारी नवरा, दोन-तीन उशा, एक जाड पांघरूण. अशा पलंगावर बाळ नको. बाळ वेळेआधी जन्मलेलं किंवा कमी वजनाचं असेल, किंवा आईवडिलांपैकी कुणी सिगारेट ओढत असेल, तर मुळीच नको. आणि सोफ्यावर बाळाला छातीवर घेऊन डुलकी घेणं सगळ्यात धोक्याचं. पलंगापेक्षाही.

आता रानजाई, तुमच्या घरातल्या एकेका गोष्टीबद्दल.

बाळ पाठीवर, सपाट आणि कडक गादीवर, एकटं. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२२ च्या सूचना हेच सांगतात, आणि बाळ किमान पहिले सहा महिने आईवडिलांच्या खोलीत पण वेगळ्या अंथरुणावर असावं असंही. म्हणजे तुमचा बेडसाइड कॉटचा विचार अगदी योग्य आहे. झोपेत अचानक होणाऱ्या मृत्यूंपैकी बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत होतात, त्यातही एक ते चार महिन्यांत जास्त. तिकडे १९९४ पासून बाळांना पाठीवर झोपवायची मोहीम सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत हे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

घरातल्या मोठ्यांना भीती असते की पाठीवर असताना दूध उलटलं तर श्वासनलिकेत जाईल. हे त्यांना नीट समजावून सांगा: बाळ पाठीवर असताना श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका तिच्या खाली. आलेलं दूध वर चढून श्वासनलिकेत जाण्याऐवजी परत खालच्या नळीत जातं. पालथं केलं की हेच उलटं होतं. मी हे आज्यांना हाताची दोन बोटं एकावर एक धरून दाखवते, लगेच पटतं.

मोहरीची उशी, लोड, कडेने बांधायचे मऊ बंपर, कापडी खेळणी, सैल दुपटी: झोपेच्या जागी यातलं काहीच नको. डोकं गोल व्हावं म्हणून उशी वापरतात, तर त्यासाठी बाळ जागं असताना आपल्या देखरेखीखाली रोज थोडा वेळ पालथं ठेवा, आणि झोपवताना आज डोकं एका टोकाला तर उद्या दुसऱ्या. दचकतं म्हणाल तर तो नवजात बाळाचा स्वाभाविक प्रतिक्षेप आहे, काही महिन्यांत आपोआप जातो. मलमलच्या दुपट्यात छातीशी बेताचं आणि पायांशी सैल गुंडाळलं तर चालतं, पण कुशीवर वळायची लक्षणं दिसली की गुंडाळणं बंद. घरात असताना झोपेत टोपडंही नको, बाळ डोक्यातूनही जास्तीची उष्णता बाहेर टाकतं.

ते 'नेस्ट' पलंगावर ठेवू नका. कडा मऊ, तळ मऊ, आणि मोठ्यांच्या गादीवरचा धोका तसाच. डोक्याची बाजू उंच ठेवून उतार दिलेले झुले तर नकोच. उतारावर बाळाची हनुवटी छातीवर पडते आणि श्वासाची वाट अरुंद होते. २०१९ मध्ये अमेरिकेत अशा उताराच्या एका प्रसिद्ध झोपाळ्याचे सुमारे ४७ लाख नग परत बोलावले गेले, बाळांच्या मृत्यूंनंतर. आता तिथे बाळाच्या झोपेसाठीच्या वस्तूला १० अंशांपेक्षा जास्त उतार चालत नाही.

शेवंतीचं_फूल:
मी स्वतः आजी आहे, म्हणून सासूबाईंच्या बाजूने दोन शब्द. तो पाळणा म्हणजे त्यांच्यासाठी नुसतं लाकूड नव्हे. मुलगा त्यात वाढलाय. त्यांना सरळ 'नको' म्हणू नकोस गं. बाराव्या दिवशी बारशाला तोच पाळणा सजवा, त्यातच नाव ठेवा, सगळ्यांनी पाळणे म्हणा. दिवसा बाळ जागं असताना त्या शेजारी बसून हलवतील. रात्रीची झोप कॉटमध्ये. आमच्याकडे नातीच्या वेळी मी हेच केलं, आणि मला कुठे कमीपणा वाटला नाही.

पण वापरायच्या आधी पाळणा उलटा करून नीट बघा. दोन दांड्यांमधलं अंतर सहा सेंटीमीटरपेक्षा जास्त असेल तर बाळाचं अंग निसटून डोकं अडकू शकतं. जुन्या पाळण्यांत हे अंतर सर्रास जास्त असतं. कड्या आणि साखळी झिजली आहे का ते पाहा, कडीच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं की खोबण लागते. आणि रंग! आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत हवं हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा रंग असेल तर त्यात शिसं असू शकतं. तो घरात घासू नका, धूळ उडते. गरोदरपणात तर तू त्याच्या जवळही जाऊ नकोस. सुताराकडे पाठवून त्याला आधी स्पष्ट कल्पना द्या.

रानजाई:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल नवऱ्याने टेप घेऊन मोजलं. कडुलिंब, तुमचं अगदी खरं, आमच्या पलंगाला कडेने साडेपाच सेंटीमीटरची लाकडी पट्टी आहे, पण ती गादीच्या खाली आहे, वर आलेली नाही. त्यामुळे गादी पट्टीवर सरकवून थेट कॉटला भिडवता येते. भिंतीच्या बाजूला मात्र तेवढीच फट पडते.

सासूबाईंना पहाटवारा यांचं दोन बोटांचं दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण संध्याकाळी त्यांनीच विचारलं, मग उशी कधीपासून चालेल?

आणखी एक. पावसाळ्यात इथे डास भयंकर. कॉटवर छोटी मच्छरदाणी लावू का?

कडुलिंब:
भिंतीकडच्या फटीची काळजी बाळ तुमच्या पलंगावर येणार असेल तरच. दूध पाजताना तुम्ही मधे आणि बाळ कॉटच्या बाजूला, हे पक्कं ठेवा. पाजून झालं की परत कॉटमध्ये.

मच्छरदाणी कॉटवर टाकू नका, ती बाळाच्या हातात येते. आम्ही छताला हूक लावून मोठी दाणी घेतली, पलंग आणि कॉट दोन्ही आत, खालची कड चहूबाजूंनी ताणून गादीखाली खोचलेली, कॉटच्या बाजूने त्याच्या पायांच्या बाहेरून. लोंबता भाग कुठे राहत नाही ना, एवढं रोज झोपताना बघायचं. खिडक्यांना जाळी असेल तर उत्तमच. कॉइल मात्र बंद खोलीत लावू नका.

पहाटवारा:
सासूबाईंना सांगा, वर्षभर तरी उशी नाही. त्यांनी विचारलं हीच मोठी गोष्ट.

कॉट कधी बंद करायचा हेही आत्ताच लक्षात ठेवा. बाळ हाता-गुडघ्यांवर उठायला लागलं की काठ असलेला बेडसाइड कॉट पुरत नाही. साधारण पाच-सहा महिन्यांत ती वेळ येते. वजनाची मर्यादा कॉटवर लिहिलेली असते, दोन्हींपैकी जे आधी होईल ते. मग उंच कठड्याचा मोठा कॉट.

रानजाई:
चार सरळ पायांचा, ईएन ११३०:२०१९ लिहिलेला एक कॉट सापडलाय. काठ ५३ ते ६१ सेंटीमीटरमध्ये बदलता येतो, म्हणजे आमच्या ५६ ला बसेल. परत करायची मुदत दहा दिवस आहे, म्हणून आत्ताच मागवून पलंगाला लावून बघणार. शेवटची शंका: बरोबर येणारी गादी फारच पातळ आणि कडक आहे असं लोक लिहितात. आई घरी कापसाची छोटी गादी शिवून देते म्हणाली. ती वर टाकली तर?

पहाटवारा:
नको. कडक असायलाच हवी ती. वरून गादी टाकली की बाळ वर येतं आणि १२ सेंटीमीटरचा काठ आठ-नऊवर येतो. शिवाय ती कडेला सरकून फट पडते. आईंना मापाने बसणाऱ्या, कडेला इलॅस्टिक घातलेल्या सुती चादरी शिवायला सांगा, चार तरी लागतील. खाली मेणकापड घालायचं असेल तर तेही चारी कोपऱ्यांत ताणून, चादरीच्या आत.

रानजाई:
आईला लगेच माप पाठवते.