दर्यापूरकडे घरी एस्प्रेसो: मशिनवर पैसे लावू की ग्राइंडरवर? मिक्सर चालते काय?

खारपाणपट्टा:
गाव दर्यापूर तालुक्यात. घरी एस्प्रेसो, म्हणजे दाबाखाली काढलेली दाट कॉफी, करायची आहे. बजेट २५ हजार, दिवसाला चार कप. ५१ मिमीच्या जाळीचं, ‘१५ बार’ (बार म्हणजे दाबाचं माप) लिहिलेलं, १३५० वॉटचं मशिन पाहून ठेवलं आहे. सगळे पैसे त्यातच घालून दळण घरच्या मिक्सरवर केलं तर जमते काय? संध्याकाळी व्होल्टेज १७०-१८० वर येते, लाईन जाते ते वेगळंच. बोअरचं टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) १८००, आरओमधून १६० निघते. कॉफी किराण्यातली फिल्टरची पावडर घ्यावी की बिया?

दळणवाला:
मिक्सर विसरा, राजेहो. मिक्सरचं पातं बी फोडते, दळत नाही. एकाच भांड्यात रवाही पडते अन् मैदाही. दाबाखालचं पाणी रव्याच्या बाजूनं वाट काढून पळते, मैदा तिथंच चिखल होऊन बसते. म्हणून एकाच कपात आंबटही लागते अन् कडूही. चाळून घ्याल तर निम्मी बी वाया.

या मशिनांसोबत कॉफी भरायला बहुतेक वेळा दुहेरी तळाची जाळी येते. तिच्या खाली एकच बारीक छिद्र असते, अन् दाब ते छिद्र तयार करते, कॉफी नाही. फेस झकास दिसते, चव पातळ. मिक्सरचं दळण चाललंच तर फक्त तिच्यात चालेल. साध्या जाळीत दाब धरायचं काम दळणाचंच असते, म्हणून ग्राइंडर आधी. ‘१५ बार’ ही पंपाची कमाल झाली. एस्प्रेसोला ९ च्या आसपास पुरते.

या पैशात विजेच्या ग्राइंडरपेक्षा हातग्राइंडर घ्या. एकच गोष्ट पाहा: दळण बारीक-जाड करायची चकती फिरवताना एका क्लिकमागे पात्यांमधलं अंतर किती बदलते. किंगग्राइंडर के६ मध्ये १६ मायक्रॉन, वनझीप्रेसो जे-अल्ट्रामध्ये ८. टाइममोर सी२ चहाच्या भावात मिळाला तरी एस्प्रेसोसाठी नको. त्याचे क्लिक इतके मोठे की एकावर मशिन तुंबते अन् पुढच्यावर पाणी धो-धो येते. अन् त्यात धने-जिरे दळू नका बाप्पा, वास जन्मभर जात नाही. पाती धुवायची नाहीत, कोरड्या ब्रशनं झाडायची.

डीपी_जळाली:
व्होल्टेजचा हिशोब करा. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते. २३० वर १३५० वॉट देणारं कॉइल १८० वर जेमतेम ८२५ वॉट देते. मोठा बॉयलर असेल तर नुसता उशीर होतो. पण स्वस्त मशिनमध्ये थर्मोब्लॉक असतो, पाणी वाहता वाहता तापतं. हीटर मागे पडला की शॉटचा (एका वेळी निघणाऱ्या कॉफीचा) उत्तरार्ध थंड, म्हणजे आंबट. पंपाचा दाबही उतरतो. घरगुती ८५० व्हीएच्या इन्व्हर्टरवर हे मशिन लावायचं नाव काढू नका. स्टॅबिलायझर घ्यायचा तर किमान २ केव्हीएचा, आणि १४० व्होल्टपासून काम करणारा. तो खर्च मशिनच्याच बजेटमधून जाणार.

त्यापेक्षा हाताच्या लिव्हरचं मशिन घ्या, फ्लेअरसारखं, दाबाचा काटा असलेलं. पाणी गॅसवर उकळायचं, वीज लागतच नाही. उणीव एकच, वाफ नाही. दूध ६० अंशांपर्यंत तापवून फ्रेंच प्रेसमध्ये दांडा १५-२० वेळा वरखाली केला की कामापुरता फेस होतो.

पाण्याचा_डबा:
पाण्याचं कोणी बोललं नाही. पूर्णेच्या खोऱ्यातलं पाणी नुसतं जड नाही, खारं आहे. क्षार साचले तर सायट्रिक ॲसिडनं निघतात, पण मिठातलं क्लोराइड स्टीलच्या बॉयलरला बारीक छिद्रं पाडतं आणि ते परत भरून येत नाही. सॉफ्टनरही इथं कामाचा नाही, तो कॅल्शियम काढून सोडियम टाकतो, क्लोराइड जागच्या जागी राहतं. तुमच्या आरओच्या १६० मध्ये बराच भाग मीठच असणार. मेंब्रेन बदलून किंवा तेच पाणी पुन्हा आरओतून काढून २०-३० वर आणा. मग १ लिटर पाण्यात ८.४ ग्रॅम खायचा सोडा विरघळवून ठेवा आणि त्यातले १० मिली दर लिटरला घाला. नुसतं कोरं आरओचं पाणी कॉफीत आंबट-बोचरं लागतं. बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर स्वस्त मिळतं म्हणून वापरू नका, ते पिण्यासाठी नसतं.

लिव्हर घेतलं तर बॉयलरच नाही, मग हे सगळं फक्त चवीपुरतं.

खारपाणपट्टा:
लिव्हर अन् के६ पक्कं. आता दळण कितीवर लावू?

दळणवाला:
क्लिकचा आकडा कोणाचा कोणाला लागू पडत नाही, वेळेवरून ठरवा. १६ ग्रॅम बी वजन करून घ्या. उन्हाळ्यात आपल्याकडची हवा इतकी कोरडी की दळण भांड्याला चिकटते, म्हणून बियांना पाण्याचा एक थेंब लावून हलवा. दळल्यावर सुईनं गुठळ्या मोडा, सपाट दाबा. लिव्हरचा सिलिंडर उकळत्या पाण्यात दोन मिनिटं ठेवा, मे महिन्यातही. बाहेर ४५ अंश असले तरी त्याला ९० च्या वर जायचं आहे. आधी ८-१० सेकंद २ बारवर भिजू द्या, मग ८-९ वर न्या. भिजवण्यासकट ३०-३५ सेकंदांत ३२ ग्रॅम कपात आलं पायजे. २० सेकंदांत संपलं तर दोन क्लिक बारीक, लिव्हर दाबताच येत नसेल तर दोन क्लिक जाड. एका वेळी एकच गोष्ट बदला. वजनकाटा ०.१ ग्रॅमचा हवा, किराण्याचा नाही.

फिल्टरची पावडर नको. बहुतेकीत चिकोरी असते, ती पाणी शोषून फुगते अन् जाळी बंद करते. बिया घ्या, पाकिटावर भाजल्याची तारीख असलेल्या. चिखलदऱ्याची घेतली तरी आधी तारीख विचारा. भाजल्यापासून ७-१० दिवसांनी उघडा. पाकीट उघडल्यावर १६-१६ ग्रॅमच्या पुड्या हवाबंद करून फ्रीझरमध्ये टाका, फ्रीजच्या दारात नको. लाईन गेली तर फ्रीझर उघडू नका, वितळून दव बसलं की ती पुडी त्याच दिवशी संपवा.