आरोपीचा वकील नेमके काय करतो?

‘ज्याचा गुन्हा ढळढळीत दिसतो त्याला सरकारी खर्चाने वकील कशाला?’ हा प्रश्न गुन्हा सिद्ध झाला असे आधीच धरून चालतो. पण तो सिद्ध झाला की नाही, हेच तर खटल्यात ठरायचे असते. अमेरिकेतील क्लॅरेन्स गिडियनवर १९६१ मध्ये चोरीसाठी घुसल्याचा खटला चालला, त्याने मागितलेला वकील न्यायालयाने नाकारला आणि स्वतःच बाजू मांडून तो पाच वर्षांसाठी आत गेला. तुरुंगातून पेन्सिलीने लिहिलेल्या त्याच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये त्याच्या बाजूने निकाल दिला. फेरखटल्यात मुख्य साक्षीदार पहिल्या खटल्यातलाच होता; फक्त उलटतपासणी आता वकिलाने घेतली, आणि गिडियन निर्दोष सुटला.

आपल्याकडेही कसाबच्या २०१२ च्या निकालात, आरोपीला प्रथम हजर केले जाताच वकिलाचा हक्क त्याला समजावून सांगणे हे दंडाधिकाऱ्याचे कर्तव्य ठरवले गेले, तेही इतक्या उघड गुन्ह्यात. मला खरी चिंता वाटते ती वेगळीच: नेमलेला वकील दोषारोपपत्र पहिल्यांदा सुनावणीच्या सकाळीच उघडत असेल, तर आरोपीच्या वाट्याला वकिलाची केवळ सही येते.