मदत हवी आहे: बाबा बीपीची गोळी मध्येच सोडतात

नमस्कार मंडळी. माझे बाबा ६४ वर्षांचे, गावी असतात, साताऱ्याजवळ. दोन वर्षांपूर्वी बीपी १७०/१०० निघालं, तेव्हापासून अम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम रोज एक. पण आकडा १३०च्या घरात आला की गोळी बंद! "डोकं दुखत नाही, चक्कर नाही, मग औषध कशाला?" परवा उशीखाली पाकीट सापडलं, पंधरातल्या अकरा गोळ्या तशाच. गोळी चालू आहे म्हणून आकडा खाली आहे, हे सांगून मी थकले.

मिठाचंही तेच. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ हवं, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा, पण यांना ताटात खरडा, पापड, लोणचं हवंच. आईने आळणी भाजी केली तर ताट सरकवतात.

एक मात्र पाहिलंय. गावातल्या आशाताई (आरोग्य कार्यकर्त्या) घरी येऊन बीपी मोजून आकडा वहीत लिहून गेल्या की पुढचे आठ दिवस गोळी चुकत नाही.

तुमच्या घरी नेमकं कशाने जमलं? घरी मशीन आणावं का? पक्षाघाताची भीती घालायला मन धजत नाही. कृपया अनुभव सांगा.