रायगड-मुरूडच्या सहलीचे पैसे मुलांनी कसे उभे करायचे?

बी-402 (युवा गट): नमस्कार. आम्ही सोसायटीतली 22 मुलं, वय 13 ते 17. डिसेंबरच्या सुट्टीत दोन दिवस रायगड आणि मुरूड करायचं ठरतंय, सोबत तीन पालक. सगळे पैसे घरून मागायचे नाहीत. काय काय करता येईल?

ए-701: आधी खर्च मांडा, पण दोन वेगळ्या रकान्यांत. बस ठरलेली, माणसं कमी-जास्त झाली तरी भाडं तेवढंच. राहणं, जेवण, रोपवे, होडी हे माणशी. पुणे-पाचाड (रायगडचा पायथा)-मुरूड-पुणे प्रत्यक्षात साधारण 400 किमी होईल, पण खाजगी बसवाले दिवसाला किमान 300 किमी धरतात, म्हणजे बिल 600 किमीचं. 36 रुपयांनी 21,600. चालकाचा भत्ता, टोल, पार्किंग धरून 24,000 समजा. एसटीच्या डेपोत प्रासंगिक कराराचा, म्हणजे पूर्ण बस भाड्याने घेण्याचा, दरही विचारून घ्या.

ए-701: मुलांचा माणशी खर्च 1,400 धरला तर 30,800. एकूण 54,800. अडीअडचणीला दहा टक्के ठेवून 60,000 चं लक्ष्य ठेवा. तिन्ही पालकांनी आपला माणशी खर्च स्वतः करावा.

सी-203: चार जण ऐनवेळी गळाले तर बसचा वाटा 1,091 वरून 1,333 वर जातो. म्हणून पहिल्याच दिवशी लिहून घ्या: 15 नोव्हेंबरनंतर नाव मागे घेतलं तर माणशी खर्च परत मिळेल, बसचा वाटा नाही. बदली मुलगा मिळाला तर तोही परत. हे नंतर सांगितलं की भांडण होतं.

बी-402 (युवा गट): मग 60,000 कसे जमवायचे?

डी-105 (काकू): प्रत्येकी 400 चे चार हप्ते, ऑगस्ट ते नोव्हेंबर. 22 मुलांचे 35,200. उरलेले 25,000 कामातून. एकदम 1,600 मागू नका, गणपतीच्या महिन्यात सगळ्यांचाच हात आखडता असतो.

सी-203: रद्दीपासून सुरू करा, भांडवल लागत नाही. सोसायटीतल्या 96 पैकी 40 घरांनी तीन महिन्यांची वर्तमानपत्रं दिली, महिन्याला साडेतीन किलो धरली, तर 420 किलो. किलोला 12 मिळाले तर 5,040. दर रोज बदलतो, तीन रद्दीवाल्यांना विचारा. वर्तमानपत्रं, पुठ्ठा, गुळगुळीत मासिकं वेगळी बांधा. एकत्र दिलीत तर सगळ्याला सगळ्यात कमी दर लागतो. पावसात भिजलेला गठ्ठा परत येतो. वजन आपल्या काट्यावर करा आणि ज्या दिवशी गोळा कराल त्याच दिवशी पाठवा. पार्किंगमध्ये रात्रभर कागदाचा ढीग नको, आगीचा धोका असतो.

डी-105 (काकू): खरी कमाई पणत्यांत आहे. 200 संच, प्रत्येकी चार. फुटतूट धरून 880 पणत्या घ्या. 3 रुपयांनी 2,640, रंग-ब्रश 1,600, खोके 1,600. 60 रुपयांना संच विकला तर 12,000 येतात, हातात सहा हजारांच्या आसपास. आपल्या सोसायटीत 70-80 संचांवर जाणार नाहीत, बाकीची ऑर्डर पालकांच्या ऑफिसमधून आधीच घ्या.

डी-105 (काकू): आता चुका कुठे होतात ते. पणती रात्रभर पाण्यात ठेवा. मग पूर्ण वाळवा. दमट पणतीवर रंग दिला की दोन आठवड्यांत पापुद्रे सुटतात. पावसाळी हवेत पंख्याखाली चार दिवस लागतात. आतून रंगवू नका, आणि वात टेकते त्या चोचीजवळ एक सेंटीमीटर कोरी ठेवा, नाहीतर रंग जळून काळा पडतो.

ए-301: फराळ मुलांनी करू नये. बचत गटाकडून घ्या आणि नुसती ऑर्डर गोळा करा. 40 घरं, सरासरी 1,500, दहा टक्के कमिशन म्हणजे 6,000. गटाकडे एफएसएसएआय (अन्न सुरक्षा प्राधिकरण) नोंदणी आहे का ते पाहा, क्रमांक खोक्यावर हवा. अर्धे पैसे आगाऊ घ्या, यादी तीन आठवडे आधी बंद करा. उशिरा "चकली अर्धा किलो वाढवा" असे निरोप आले की हिशेब बिघडतो.

सी-506: गाड्या पुसणं: 150 रुपये, दोघांनी मिळून एक गाडी, बादली आणि मायक्रोफायबर. 40 गाड्यांचे 6,000. पाइप नको. चाकाचं फडकं आणि बॉडीचं फडकं वेगळ्या रंगाचं ठेवा, वाळूचा एक कण रंगावर ओरखडा काढतो.

डी-105 (काकू): कोजागिरीचं मसाला दूध कमाईसाठी धरू नका. 30 लिटरला तीन हजारांवर खर्च, 165 कप 30 रुपयांनी विकून जेमतेम 1,900 उरतात. आणि मोठं पातेलं हलवायला कायम एक मोठं माणूस हवं.

बी-402 (युवा गट): जो जास्त काम करेल त्याचा हप्ता कमी करावा का?

ए-301: मला योग्य वाटतं. तासांची वही ठेवा.

सी-203: दादा, मी विरोध करेन. क्लास असलेल्या मुलीला शनिवार मिळत नाही, म्हणून तिनं जास्त द्यायचं? सगळी कमाई एकत्र ठेवा. ज्याला हप्ता जड जातो त्याने कुणाही दोन काकूंना खाजगीत सांगावं, राखीव रकमेतून सांभाळता येईल. यादीत कुणाचंही नाव "बाकी" म्हणून या ग्रुपवर टाकू नका.

ए-301: हे पटलं. तासांची वही नको.

ए-701: पैसे एका पालकाच्या वेगळ्या बचत खात्यात, घरखर्चाच्या खात्यात मिसळू नका. क्यूआर त्याच खात्याचा. स्क्रीनशॉट ही पावती नाही, बनावटही येतो. खात्यातली नोंद पाहूनच नाव लिहा. रोख त्याच संध्याकाळी दोघांनी मोजून सही करा.

सचिव: सोसायटीच्या निधीतून सहलीला पैसे देता येणार नाहीत, लेखापरीक्षणात हरकत येईल. क्लब हाउस आणि पार्किंगची परवानगी मिळेल, लेखी अर्ज द्या, तारखा टाकून. बाहेर पावतीपुस्तक घेऊन "देणगी" मागू नका. ही धर्मादाय वर्गणी नाही, आयकरात देणगीची सवलतही कुणाला मिळणार नाही. फटाके विकायचे अजिबात नाहीत, त्याला परवाना लागतो. आणि 14 खालच्या मुलांना कुणी दुकानात कामाला पाठवू नये.

बी-402 (युवा गट): रविवारी 11 वाजता क्लब हाउसमध्ये बसतो. रद्दीचे दर तोपर्यंत आणतो.

सी-203: काटा माझ्याकडे आहे, 50 किलोपर्यंतचा. येऊन घेऊन जा.